मधली पट्टी

पोवई नाक्यावरच्या दुकानात तौफिक बागवान
कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवून ठेवतो.
एक मोठा, बत्तीस इंची, फोर-के : एवढे.
तीन वापरलेले, चोवीस इंची,
कराडच्या बंद पडलेल्या कॉल सेंटरचे : एवढे.
फरक दीडशे रुपयांचा.
"मोठ्यात गवताचं पातं न् पातं मोजून घे," तो म्हणतो,
"तिनाला मान वळवायला लागती.
आणि मधे पट्ट्या येतात, आत्ताच सांगतो,
मागनं माझ्या नावानं शंख करायचा नाही."

विचार करून सांगतो म्हणालो.
दोन आठवडे झाले.
ताटाभोवती तीन वह्या उभ्या करून बघितल्या जेवताना.
आई म्हणाली, परीक्षा आहे का कसली?
मी एकोणतीस वर्षांचा, एमआयडीसीत शिफ्टला जातो.

माझा खेळही तसला.
बंदूक नाही, जिंकणं नाही.
बस चालवायची, थांब्याला लावायची,
माणसं चढली की दार बंद.
रात्री अकराला घरी येऊन
परत ड्युटीवर.

शेवटी तौफिकनंच मोठा स्क्रीन
चार दिवस घरी नेऊन बघायला दिला.
मी स्टिअरिंगवर आप्पांना बसवलं.
सातारा डेपो, एकतीस वर्षं,
मेढा, केळघर, महाबळेश्वर.
चित्र असलं स्वच्छ
की कठड्यावरचं शेवाळ ओलं दिसत होतं.
आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.
बोलले काही नाहीत.

वळण आलं तशी त्यांची मान उजवीकडे गेली,
स्क्रीन ओलांडून, थेट भिंतीवर,
पतसंस्थेचं कॅलेंडर आहे तिथं.
तिथं त्यांनी आरसा बघितला.
मग डावीकडे.
दारात आई चहा घेऊन उभी होती.
तिला आधी जाऊ दिलं.
मग गिअर.

"रस्ता ब्येस आहे," उतरताना म्हणाले,
उतरतानाच म्हणतो, खुर्चीवरनं ते तसेच उठले,
एक हात वर धरायला गेलेला.
"पण सगळं समोरनंच येतंय.
समोरनं येतं त्याची काय भीती?"

मी तीनचं सांगितलं. पट्ट्यांचंही सांगितलं.
"आमच्या जुन्या गाडीला काचेच्या मधोमध दांडा असायचा.
एवढाच, मनगटाएवढा.
लांबचा आख्खा माणूस मावायचा त्याच्यामागं."
चहा बशीत ओतला.
"मावला होता एकदा. केळघरच्या खाली. पहाटची गाडी.
सायकल, दोन्हीकडं किटल्या."
मग?
"मग काय. दूध सांडलं."

बशी संपेपर्यंत मी वाट बघितली.
त्यापुढं काही नव्हतं,
किंवा होतं ते चोरगे कंडक्टरला माहीत असेल,
तो गेला तीन वर्षांमागं.

चौथ्या दिवशी मोठा परत केला, तीन आणले.
तौफिक म्हणाला, शंख करायचा नाही.
डावा जरा पिवळा आहे,
त्याच्यात संध्याकाळ आधी होते.
उजव्याच्या कोपऱ्यात स्टिकर चिकटलेला, 'हसून बोला',
नखानं अर्धाच निघाला,
आता नुसतं 'बोला' राहिलंय.

रात्री मी आल्यावर खुर्ची रिकामी नसते.
मी मागं पलंगावर बसून बघतो.
डाव्या स्क्रीनमधून एक सायकलवाला निघतो,
पिवळ्या उजेडातून चालत येतो,
पट्टीपाशी पोचतो आणि नसतो.
अर्धा सेकंद असेल.
मी खेळतो तेव्हा तो अर्धा सेकंद मला कधी दिसलाच नव्हता.
आप्पांची मान पुढं येते, खुर्ची करकरते,
पाय ब्रेकवर.
मागच्या गाड्या हॉर्न मारतात,
वेळापत्रक चुकल्याचे गुण लाल आकड्यात कापले जातात,
वीस, तीस.

सायकलवाला कधीच पार गेलेला असतो.
आप्पा अजून उभे असतात.